जामीन फक्त बापाचा का?

भोसरीच्या एका टूलरूममध्ये नव्या पोरांकडून जो बाँड लिहून घेतात, त्याची प्रत माझ्यासमोर आहे. ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर, तोही पोराच्याच पैशांनी आणलेला. सुरुवातच 'मी स्वखुशीने लिहून देतो की' अशी. महिना १३ हजार पगार. तीन वर्षं कंपनी सोडायची नाही. सोडली तर प्रशिक्षणाचा खर्च म्हणून दीड लाख भरायचे, म्हणजे जवळपास साडेअकरा महिन्यांचा पगार. हा खर्च कशावर आणि कधी झाला, याचा हिशेब कुठेच नाही. जामीनदार दोन, बाप आणि मामा. बापाच्या सहीखाली शेताचा गट नंबर. सोबत सही केलेला कोरा चेक. दहावीची आणि आयटीआयची मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात जमा.

कंपनीने काय लिहून दिलंय, हे मी दोनदा उलटून पाहिलं. काहीही नाही. शेवटच्या पानावर कंपनीच्या सहीला जागासुद्धा सोडलेली नाही.

बाँड हा प्रकारच वाईट, असं माझं म्हणणं नाही. हा कागद ज्या शेडमध्ये भरला जातो, तिथल्या मालकाचं दुखणं खरं आहे. डायचे, म्हणजे साच्याचे, दोन अर्धे मशिनवरून कितीही अचूक उतरले, तरी शेवटची जुळणी हातानेच होते. एका अर्ध्याला निळा रंग पातळ लावायचा, दोन्ही अर्धे स्पॉटिंग प्रेसमध्ये मिटवायचे, उघडायचे आणि समोरच्या अर्ध्यावर निळं कुठे उमटलंय ते बघायचं. उमटलं तिथे उंचवटा आहे. तेवढाच ग्राइंडरने घासायचा. पुन्हा रंग, पुन्हा प्रेस, पुन्हा घासणं, रंग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत. किती घासायचं हे कुठल्याच ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं. जरा जास्त घासलं गेलं की वेल्डिंगने भरून पुन्हा पहिल्यापासून. हे बोटांत यायला पोराला दोन-अडीच वर्षं लागतात आणि पहिलं वर्षभर तो करतो त्यापेक्षा बिघडवतो जास्त.

आणि एकदा का बोटांत आलं, की चाकणची मोठी कंपनी चार-पाच हजार जास्त देऊन त्याला उचलते. त्याला शिकवण्यावर तिने एक छदाम खर्च केलेला नसतो. पंधरा माणसांची शेड चालवणाऱ्याने मग काय करायचं? दर दोन वर्षांनी नवी पोरं घेऊन पुन्हा श्रीगणेशा? त्याचा राग योग्यच आहे. चूक आहे ती त्याच्या कागदात.

हे भांडण महाराष्ट्राला जुनं आहे. साठच्या दशकात कल्याणला टायर कॉर्डचं सूत काढण्यासाठी सेंच्युरी कंपनीने एका डच आणि एका जर्मन कंपनीकडून तंत्रज्ञान घेतलं. त्यासाठी १ लाख ४० हजार जर्मन मार्क मोजायचे होते. शिवाय अट अशी, की हे गुपित बाहेर जाता कामा नये आणि कामगारांकडूनही तसं लिहून घ्यायचं. मार्च १९६३ मध्ये तिथे एक मराठी तरुण शिफ्ट सुपरवायझर म्हणून पाच वर्षांच्या करारावर लागला. त्या वर्षी डिसेंबरपर्यंत तो शिकला. पुढच्या वर्षी कोट्याच्या राजस्थान रेयॉनने त्याला जास्त पगार देऊ केला आणि तो निघून गेला. कंपनी कल्याणच्या कोर्टात गेली, प्रकरण चढत चढत दिल्लीला पोहोचलं आणि जानेवारी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. कराराची मुदत संपेपर्यंत, म्हणजे १५ मार्च १९६८ पर्यंत, त्याने देशात कुठेही या सुताच्या कामात नोकरी करायची नाही.

बाँडचा विषय कोर्टात निघाला की आजही हा निकाल पुढे केला जातो. मात्र त्यातला पुढचा भाग सांगायचं बरेच जण टाळतात. अशी बंधनं करार चालू असेपर्यंत चालतील, पण करार जुलमी, अवाजवी किंवा एकतर्फी असेल तर चालणार नाहीत, असं त्याच निकालात आहे. कल्याणच्या प्रकरणात कंपनीचं हित बोट ठेवून दाखवता येत होतं. पैसे किती गेले, गुपित कोणतं, बंदी कोणत्या मालापुरती, किती तारखेपर्यंत, सगळं कागदावर. भोसरीच्या कागदावर यातलं एकही नाही. निकाल मात्र तोच दाखवायचा!

नोकरी सुटल्यानंतरच्या बंदीबद्दल तर कायद्यात फार शंकेला जागाच नाही. १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम माणसाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारे करार रद्द ठरवतं. २००६ मध्ये आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानला याच कलमाने सोडवलं. तीन वर्षांचा करार संपल्यावरही त्याचे जाहिरातींचे करार सांभाळणाऱ्या आधीच्या कंपनीला त्याच्यावर पहिला हक्क सांगायचा होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, करार संपला, हक्क संपला. तरीही पुण्यातल्या किती ऑफर लेटरांमध्ये 'राजीनाम्यानंतर एक वर्ष प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही' हे वाक्य आजही असतं! कोर्टात ते टिकणार नाही, हे ते लिहिणाऱ्या वकिलाला ठाऊक असतं. २३ वर्षांच्या इंजिनिअरला ठाऊक नसतं. त्याच्या अज्ञानावर कंपनीचं काम भागतं, म्हणून ते वाक्य तिथे आहे. हा भामटेपणा आहे आणि त्याला दुसरं नाव देण्याची माझी तयारी नाही.

मे २०२५ मध्ये बाँडचा आणखी एक निकाल आला. विजया बँकेत एक अधिकारी २००७ मध्ये सीनियर मॅनेजर म्हणून लागला. अट होती, तीन वर्षं राहायचं, नाहीतर २ लाख भरायचे. २००९ मध्ये त्याने राजीनामा दिला, आयडीबीआय बँकेत गेला, निषेध नोंदवून २ लाख भरले आणि अट बेकायदा आहे म्हणून लढला. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याचं ऐकलं, सर्वोच्च न्यायालयाने बँकेचं. सरकारी बँकेला रस्त्यावरून माणूस उचलून खुर्चीत बसवता येत नाही, देशभर जाहिरात द्यावी लागते, परीक्षा-मुलाखती घ्याव्या लागतात, मधेच कुणी गेला की तो सगळा खर्च पुन्हा करावा लागतो, हे न्यायालयाला पटलं. मलाही पटतं. पण ती सरकारी बँक होती, पद वरिष्ठ होतं आणि त्या पगाराच्या मानाने रक्कम अवाजवी नाही असं न्यायालयाने तपासून ठरवलं. या निकालाचा आधार घेऊन १३ हजारवाल्या पोराला दीड लाखाची नोटीस पाठवता येत नाही.

कंपनीलाही हित असतं, हे मान्य. आता दुसऱ्या बाजूला या. माणसाने शब्द द्यायचा. कंपनीने?

इन्फोसिसने २०२२ मध्ये कॉलेजांतून निवडलेल्या पोरांचं काय झालं ते आठवा. ऑफर लेटर हातात आणि रुजू व्हायची तारीख पुढे, आणखी पुढे. दोन वर्षांहून जास्त. काही पोरांनी दुसऱ्या नोकऱ्या सोडल्या, घरी रोज तोच प्रश्न आणि तेच उत्तर. पुण्याच्या 'नाईट्स' या संघटनेने तक्रारी केल्या, तेव्हा कुठे तारखा आल्या. ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास ही पोरं मैसूरला रुजू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांतल्या तीनशेहून अधिक जणांना घरी पाठवलं. कंपनीचं म्हणणं असं, की तीन संधी देऊनही ते अंतर्गत परीक्षेत पास झाले नाहीत आणि ही अट आधीच करारात होती. असेलही. पण दोन वर्षं ताटकळत ठेवल्याची भरपाई कोणत्या कलमात होती? पोराने रुजू व्हायला दोन महिने उशीर केला असता, तर ती ऑफर जिवंत राहिली असती का?

आयटीत बाँडचं काम आता नोटीस पिरियड करतो. पेपर टाकला की ९० दिवस. पुढची कंपनी म्हणते तीस दिवसांत या, इथला मॅनेजर म्हणतो बाय-आउट, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटका, मिळणार नाही. मधेच गेलात तर रिलीव्हिंग लेटर अडकवून ठेवतात आणि रेकॉर्डवर 'अ‍ॅबस्काँडिंग' मारतात. फरार! दोन लॅपटॉप नीट परत करून, मेल पाठवून, सगळ्यांना सांगून गेलेला माणूस फरार. आणि कंपनीला माणूस नको झाला की? मीटिंग रूममध्ये बोलावतात, समोर एचआर, टेबलावर छापील राजीनामा. दुपारपर्यंत सही करा, नाहीतर टर्मिनेशन लागेल आणि पुढे कुठे नोकरी मिळणार नाही. हे हिंजवडीत आणि खराडीत घडतं आणि ज्यांच्याबाबतीत घडलंय त्यांनी ते मला सांगितलंय. एकाने सही केली तेव्हा त्याची बायको बाळंतपणासाठी माहेरी होती. तिला त्याने तीन आठवडे सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा आणि एका कॅफेत बसून अर्ज करत राहायचा.

कंपनीला माणसं कमी करावी लागतात, हेही मी नाकारत नाही. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार माणसं, म्हणजे मनुष्यबळाच्या २ टक्के, कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेही मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली. निदान जाहीर केलं. ज्या कंपन्या हेच काम एकेकाला बंद खोलीत बोलावून, राजीनाम्याचा रंग देऊन करतात, त्यांचा राग जास्त येतो. कारण राजीनामा दिलेल्या माणसाला कपातीची भरपाई मागताच येत नाही.

या दुहेरी मापाचं वैमानिकांइतकं उघडं उदाहरण मात्र दुसरं सापडणार नाही.

डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला नोकरी सोडायची तर वर्षभराची नोटीस द्यावी लागते, को-पायलटला सहा महिन्यांची. कारण सांगितलं जातं ते प्रवाशांचं हित. वैमानिक अचानक गेला तर विमानं रद्द होतात, लोक अडकतात. कारण खोटं नाही. २०२३ मध्ये अकासा या नव्या विमान कंपनीचे ४३ वैमानिक नोटीस पिरियड पूर्ण न करता गेले तेव्हा तिची विमानं खरोखरच रद्द झाली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, कोट्यवधींची भरपाई मागितली. मला त्या वेळी कंपनीची बाजू समजली होती.

आता पुढचं बघा. वैमानिकांच्या थकव्यावर डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास. रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर. अंमल जून २०२४ पासून व्हायचा होता. तो पुढे ढकलला गेला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी दोन टप्पे ठरले, १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५. नियम कळल्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत कंपन्यांना बावीस महिने मिळाले. वैमानिकाला बारा महिन्यांची नोटीस, कंपनीला बावीस महिन्यांची. तरी डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोकडे वैमानिक पुरेनात. हजारो विमानं रद्द झाली, ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराच्या वर. पुणे-मुंबई विमानतळांवर माणसं बॅगा उशाला घेऊन जमिनीवर झोपली, कुणाचं लग्न चुकलं, कुणाचं ऑपरेशन.

आणि मग सवलत कुणाला मिळाली? कंपनीला. रात्रीच्या कामाच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट. आठवड्याच्या विश्रांतीच्या जागी रजा धरायची नाही, हे कलम तर सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतलं. म्हणजे वैमानिकाने नोटीस पाळली नाही तर कोर्ट आणि कंपनीने तयारी केली नाही तर नियमच बाजूला. प्रवाशांच्या हितासाठी वर्षभराची नोटीस आणि मग रात्री तिसऱ्यांदा विमान उतरवणारा दमलेला वैमानिक कुणाच्या हिताचा? वैमानिकाची झोप ही प्रवाशाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. जास्त वैमानिक ठेवायचे म्हणजे पैसे लागतात, इतकी साधी ही गोष्ट आहे. तो खर्च टाळला गेला आणि त्याचं बिल प्रवाशाने भरलं.

कायदा या कुशल माणसांच्या बाजूने फारसा उभा राहत नाही, त्याचं कारण व्याख्येत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत कपातीसाठी एक महिन्याची नोटीस आहे, दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई आहे, शिवाय नवं कौशल्य शिकण्यासाठी एका निधीतून १५ दिवसांचा पगार देण्याची तरतूद आहे. चांगलं आहे. पण हे 'कामगारा'ला. व्यवस्थापनाचं काम करणारा त्यात बसत नाही. देखरेखीचं काम करणारा १८ हजारांच्या वर पगार घेत असेल तर तोही नाही. म्हणून शॉपवर बारा तास उभं राहून स्वतःच्या हाताने मशिनची सेटिंग करणाऱ्या डिप्लोमावाल्याला पहिल्याच दिवशी 'ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह' असं पत्र मिळतं. त्याच्या हाताखाली माणूस एकही नसतो. नावाने साहेब, कामाने सेटर आणि कायद्याच्या दारात उभं राहिलं की दोन्हीपैकी कुणीच नाही. हुद्द्याचं नाव काय यापेक्षा माणूस प्रत्यक्ष काय काम करतो ते बघायचं, असं न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. पण ते सिद्ध करायला वकील लावावा लागतो, तारखा घ्याव्या लागतात आणि नोकरी गेलेल्या माणसाकडे नेमका त्यासाठीच पैसा नसतो.

मग भोसरीच्या मालकाने काय करावं? बाँड करावा, पण दोघांनी सह्या कराव्यात. खर्च आकड्यांत लिहावा. बाहेरचा कोर्स करवला असेल तर त्याची फी, वाया गेलेलं मटेरियल, शिकवणाऱ्या उस्तादाचे तास. ही रक्कम महिन्यागणिक कमी होत जावी. तीस महिने राहिलेल्या पोराकडे आणि तीन महिन्यांत पळालेल्याकडे सारखेच दीड लाख मागणं कुठल्या हिशेबात बसतं? पोराने तीन वर्षं राहायचा शब्द दिला, तर कंपनीनेही तीन वर्षं काढणार नाही असं लिहून द्यावं. ऑर्डर आटल्या म्हणून काढावंच लागलं, तर पोराने जेवढे भरले असते तेवढे कंपनीने भरावेत. दर वर्षी पगार किती वाढणार तो आकडा आजच लिहावा. बऱ्याच पोरांना चाकणला जायचं नसतंच. दोन वर्षं झाली तरी इथे तेरा हजारच, म्हणून ती जातात. आणि चाकणच्या मोठ्या कंपनीला शिकलेला माणूस आयता हवा असेल, तर शिकवणीचा उरलेला खर्च तिने मालकाला द्यावा. बापाच्या गट नंबरवरून तो वसूल करायचं कारण नाही.

असा नमुना करार तयार करून मराठीत छापणं राज्याच्या कामगार विभागाला अवघड नाही. प्रत्येक एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनेच्या ऑफिसात तो ठेवता येईल. कुठल्याही कामगार संघटनेने हे आंदोलनाचं कलम करावं आणि छोट्या कारखानदारांनी त्यांच्या बाजूने उभं राहावं. शिकवलेली माणसं टिकली तर त्यात त्यांचंच हित आहे.

तोवर ज्या घरात असा कागद आलाय, तिथे दोन-तीन गोष्टी माहीत असू द्या. कुणालाही जबरदस्तीने नोकरीत ठेवता येत नाही, न्यायालयही तसा हुकूम देत नाही. बाँडवर लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं, त्यामुळे वकिलाची नोटीस आली म्हणजे शेत विकायची वेळ आली असं नाही. कोरा चेक देऊ नका. बाँडची झेरॉक्स त्याच दिवशी मागून घ्या. आणि मूळ प्रमाणपत्रं कंपनीत ठेवू नका, ती तारण ठेवायची वस्तू नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने बजावलेलं आहे. आधीच दिली असतील तर परत मिळावीत म्हणून लेखी अर्ज करा, अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि पंधरा दिवसांत मिळाली नाहीत तर ती प्रत घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा.